पेंचकडच्या टेकडीवर यर्टमध्ये दोन रात्री, अन् छतावरचं ते प्लास्टिक

आधी सरळ सांगून टाकते, आम्हाला ती यर्टची, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या गोल तंबूसारख्या घरांची, जागा आवडली अन् आम्ही परत जाणार आहोत. पण तुम्ही जाल तर गेल्या-गेल्या, सामान उतरवायच्या आधी, तिथे काम करणाऱ्या भाऊंना एकच गोष्ट सांगा की छताच्या मधोमध जे उघडं गोल आहे, हवा-उजेडाचं, त्याच्यावरचं प्लास्टिक काढून द्या. आमची पहिली रात्र ते प्लास्टिक असताना गेली अन् दुसरी ते काढल्यावर, अन् खोटं नाही सांगत, दोन रात्री दोन वेगळ्या गावी काढल्यासारखं वाटलं. म्हणून एवढं सविस्तर लिहून राहिली.

जागेचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, त्या मालकांना फोनवर सांगितल्या आहेत, ते सुधारतो म्हणाले, तर त्यांना तेवढा वेळ द्यायला पाहिजे असं मला वाटते. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर अन् मग हायवे ४४ ने देवलापारच्या अंगाला, तिथून आत जंगलाच्या कडेकडेने. आम्ही मानकापूरहून सकाळी नऊला निघालो, मनसरला चहा-समोसा झाला, साडेअकराला पोहोचलो. शेवटचे दोनेक किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे अन् चढ आहे, छोटी गाडी जाते पण हळू. जाताना पोरीला ते हायवेवरचे लांबलचक उंच पूल दाखवले, ज्यांच्या खालून जंगलातली जनावरं रस्ता ओलांडतात, वाघसुद्धा. ती तेव्हापासून खिडकीला जी चिकटली ती उतरेपर्यंत.

टेकडी म्हणजे काही चिखलदरा नाही, साधी सागाची टेकडी आहे, डिसेंबरात अर्धी पानं खाली पडलेली अन् चालताना पापडासारखी वाजतात. तिच्या उतारावर पाच यर्ट आहेत, एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, नऊ वर्षांची पोरगी अन् आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६८, गुडघे दुखतात. एका रात्रीचे साडेसहा हजार, चौघांचं, दोन वेळचं जेवण अन् नाश्ता धरून. माझ्या मते जेवण पाहता रेट ठीक आहे, बाथरूम पाहता जास्त आहे. त्याच्यावर येतेच.

यर्ट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे आजकाल गोल तंबू दिसला की त्याला यर्ट म्हणून टाकतात, पण तंबू अन् यर्ट यात फरक आहे. यर्टला लाकडाचा सांगाडा असतो. मंगोलिया, किरगिझस्तान, कझाकस्तान इकडची जी गुरं-मेंढ्या घेऊन फिरणारी माणसं आहेत त्यांचं ते घर आहे, मोडायचं, जनावरावर लादायचं अन् पुढच्या कुरणावर परत उभं करायचं. मंगोलियात त्याला गेर म्हणतात. युनेस्कोने २०१३ मध्ये मंगोलियन गेर बांधायची कला वारसा म्हणून यादीत घेतली अन् २०१४ मध्ये किरगिझ अन् कझाक यर्टची. म्हणजे एवढी मोठी कारागिरी आहे ही, अन् ज्या कोणी पेंचच्या बाजूला येऊन ती उभी केली त्याने सांगाड्याचं काम खरंच मनापासून केलेलं आहे. त्याबद्दल पैकीच्या पैकी मार्क.

आम्हाला हे कळलं ते तिथे काम करणाऱ्या भाऊंमुळे. जवळच्याच गावचे आहेत, हे यर्ट उभं करताना पहिल्या दिवसापासून होते. मी नुसतं विचारलं की भाऊ याला खांब कसा नाही मधात, तर त्यांनी आतली चादर बाजूला करून सगळं दाखवलं. भिंत म्हणजे सागाच्या पट्ट्यांची तिरपी जाळी, आपल्या जुन्या दुकानांना ते सरकवायचं जाळीचं शटर असते ना तशी, ओढली की लांब होते, दाबली की गोळा होते. तिकडे मंगोलियाकडे सांधे चामड्याच्या वाद्यांनी बांधतात, इथे नटबोल्ट आहेत. जाळीवरून वाकवलेल्या दांड्या वर जातात अन् मधल्या गोल कड्यात जाऊन बसतात. अठरा फूट व्यासाची खोली अन् मधात एक खांब नाही. मग सगळं छताचं वजन जाळीला बाहेर ढकलत असेल ना, तर ती फाकत कशी नाही, असं नवऱ्याने विचारलं. भाऊ त्याला बाहेर घेऊन गेले अन् कॅनव्हासखाली हात घालून एक चपटा जाड पट्टा दाखवला, पूर्ण घराला कमरेभोवती गुंडाळलेला. म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाले धाव चढवते की नाही साहेब, तसंच हे. हा पट्टा सुटला तर सगळं घर बसते खाली." इतकं साफ कोणी समजावून सांगितलं नसतं. हा माणूस म्हणजे त्या जागेचा खरा ऐवज आहे, मालकांनी त्यांना जपावं.

दाराचा किस्सा सांगायलाच पाहिजे. यर्टचं दार दक्षिणेला आहे. आईंनी आत पाय ठेवायच्या आधी सूर्य पाहिला, दिशा लावली अन् थबकल्या. "दक्षिणमुखी दार? कोणी बांधलं बाप्पा असं?" आमच्या घरी दक्षिणेला पाय करूनही कोणी झोपत नाही, ते आईंना चालणं शक्यच नव्हतं. मग नवऱ्याने सांगितलं की मंगोलियात गेरचं दार दक्षिणेलाच ठेवतात, कारण तिकडे थंडीचा वारा उत्तर-पश्चिमेकडून येतो अन् ऊन दक्षिणेकडून, अन् दाराच्या समोरची उत्तरेची जागा मानाची असते, तिथे घरातली वडीलधारी माणसं अन् देव. आई दोन मिनिटं गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "असं आहे का, मग माझी खाट तिथेच लावा." खाट उत्तरेला लागली. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हा नियम मात्र त्यांचा अन् आपला एकच निघाला, ते ऐकून आईंना फार बरं वाटलं.

आता पहिली रात्र. बाहेर कडाक्याची थंडी होती, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, श्वासाची वाफ दिसत होती. छताच्या गोलावर मेणकापडासारखं जाड प्लास्टिक ताणून, चारी बाजूने दोरीने आवळून टाकलेलं. पावसाळ्यात लावलं ते तसंच राहिलं म्हणे. आत चार माणसं, दार बंद. बारा-एकपर्यंत आत कोंदट वाटायला लागलं, फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा, ओलसर वास, अन् पहाटे पोरगी उठून म्हणते, आई पाणी गळून राहिलं. पाऊस नव्हता. आमच्याच श्वासाची वाफ त्या थंड प्लास्टिकला लागून थेंब होऊन खाली पडत होती, नेमकी तिच्या रजईवर. सकाळी रजईचा तो भाग पिळण्याइतका ओला नव्हता पण हाताला गार लागत होता.

त्याच रात्री एक गोष्ट झाली ती मी अजिबात हलक्यात घेत नाही अन् तुम्हीही घेऊ नका. नऊच्या सुमारास एक नवीन पोरगा पेटलेल्या कोळशाची शेगडी घेऊन आला अन् आत ठेवू लागला, ऊब राहते म्हणून. आम्ही नको म्हटलं तर म्हणाला, सगळे पाहुणे ठेवतात. नवऱ्याने त्याला तिथेच थांबवलं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बातम्या येतात की बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेलं कुटुंबच्या कुटुंब सकाळी उठलं नाही. अन् इथे तर वरचं धुराडं म्हणावं ते गोलच प्लास्टिकने बंद! ज्यांचं हे घर आहे ते लोक आत चूल पेटवतात, पण त्या चुलीला पत्र्याचा पाइप असतो अन् तो पाइप त्या गोलातून बाहेर काढलेला असतो. त्या गोलाचं ते काम आहे. धूर बाहेर, हवा आत, उजेड आत. ते बंद केलं अन् शेगडी ठेवली म्हणजे जिवाशी खेळ आहे. मी मालकांना दुसऱ्या दिवशी हेच सगळ्यात आधी सांगितलं, शांतपणे पण स्पष्ट. त्यांनी ऐकून घेतलं अन् आमच्यासमोर स्टाफला फोन केला की आजपासून शेगडी कोणत्याही यर्टच्या आत जाणार नाही, बाहेर अंगणात पेटवा. हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे म्हणून लिहिलं. शेगडीच्या बदल्यात मागितल्यावर दोन जास्तीच्या रजया अन् गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, तेवढ्यात निभते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर भाऊ शिडी घेऊन आले. प्लास्टिक काढलं. त्याच्या जागी त्यांनी ताडपत्रीचा एक चौकोनी तुकडा टाकला, तीन कोपरे पक्के बांधले अन् चौथ्याला लांब दोरी, ती दोरी बाहेरून ओढली की अर्धं उघडते, सोडली की बंद. तिकडे असंच असते, नमद्याचा, म्हणजे फेल्टचाच, तुकडा असतो. भाऊंना हे माहीत होतं, उभं करणाऱ्यांनी शिकवलं होतं, कोणी करायला सांगितलं नाही एवढंच. अर्धा तासही लागला नाही.

अन् मग खोलीत ऊन आलं. म्हणजे कसं, तर भिंतीवर एक गोल पडला, परातीएवढा नाही, चांगला मोठा, चुलीवरच्या कढईच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट, अन् त्याच्यात वरच्या आडव्या-उभ्या काड्यांची सावली. पोरगी सध्या शाळेसाठी देशांचे झेंडे पाठ करून राहिली आहे, ती सतरंजीवर आडवी पडून वर बघत होती अन् एकदम ओरडली, आई हा तर किरगिझस्तानचा झेंडा! खरंच आहे. लाल झेंडा, मधात चाळीस किरणांचा सूर्य अन् त्या सूर्याच्या पोटात हेच गोल, हीच एकमेकांना छेदणारी आडवी-उभी पट्टी. त्याला ते तुंदुक म्हणतात. ज्याला झेंड्यावर जागा दिली त्या गोष्टीवर आपण प्लास्टिक बांधून ठेवलं होतं.

त्या उन्हाच्या गोलाने आमची सकाळ घेतली. तो सरकतो. मंगोलियातली जुनी माणसं गेरच्या आत ऊन कुठे पडलं त्यावरून वेळ सांगतात असं नवऱ्याने वाचलं होतं, तर पोरीने खडू मागून आणला अन् दर पंधरा मिनिटांनी जिथे सरकला तिथे खूण केली, भिंतीच्या जाळीवर, मग खाटेच्या पायावर. मोबाइल नेटवर्क पायऱ्यांशिवाय कुठेच येत नाही त्यामुळे तिला दुसरा उद्योगही नव्हता. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो त्यामुळे दुपारी ऊन उत्तरेकडे आत खोल जाते. सव्वाबाराच्या सुमारास तो गोल बरोबर आईंच्या उशीवर येऊन बसला. आई तिथे पाठ टेकून गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या, उन्हात. म्हणाल्या, "हे बरं आहे, घरी गच्चीवर जावं लागते." तासभर हलल्या नाहीत.

जेवण चांगलं आहे, मन भरून. मेसची पनीर-बिनीर असते ती भानगड नाही, गावातल्या दोन मावश्या चुलीवर करतात. संध्याकाळी वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा, अन् तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी, हिवाळ्यात विदर्भात जायचं तर हीच खायची. सकाळी तर्री पोहे, तर्री झणझणीत, वर चिवडा घातलेला. दुसऱ्या रात्री सांगून पाटोडी रस्सा करवून घेतला. सावजी मागू नका, त्यांना जमत नाही, त्यांनी स्वतःच सांगितलं अन् ते मला आवडलं.

बाथरूम. यर्टला लागून नाही. उतारावरून खाली शेहेचाळीस पायऱ्या, दगडाच्या, कमी-जास्त उंचीच्या, कठडा नाही. स्वच्छ आहे, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ मिळते, पण आईंसाठी ते चढणं-उतरणं म्हणजे शिक्षाच झाली. रात्री तर भाऊंनी आधीच बजावलं होतं की एकट्याने जाऊ नका, बिबट्या फिरते या टेकडीवर, टॉर्च घ्या अन् दोघं मिळून जा. ज्यांच्या घरी वयस्क माणसं आहेत त्यांनी सगळ्यात खालचं, पायऱ्यांजवळचं यर्ट मागा, ते बुकिंग करताना सांगितलं तर देतात. आम्हाला माहीत नव्हतं. अन् मालकांनो, निदान एक लोखंडी कठडा अन् पायऱ्यांवर पांढरा पट्टा तरी लावा, हे काही फार खर्चाचं काम नाही.

दिव्यांची पण तक्रार आहे. अंगणभर रंगीत एलईडीच्या माळा अन् पायऱ्यांवर एक हॅलोजन, रात्री अकरापर्यंत चालू. अरे, पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, जवळच्या गावांमध्ये रस्त्यावरचे दिवे बदलून खाली जमिनीकडे तोंड करणारे लावले, गावातल्या लोकांनी ऐकलं, अन् त्याच पेंचच्या कडेला येऊन पाहुण्यांसाठी माळा लावायच्या? आम्ही दुसऱ्या रात्री बाकीच्या यर्टमधल्या लोकांना जाऊन विचारलं, सगळे हो म्हणाले, साडेआठला भाऊंनी सगळं बंद केलं. पायऱ्यांसाठी कंदील ठेवला.

त्यानंतरची रात्र मी विसरणार नाही. आम्ही मुद्दाम अमावस्येच्या आसपासचे दिवस धरले होते. खोलीच्या बरोबर मधोमध, खांब नसल्यामुळे जागा मोकळी, सतरंजी टाकून तिघं आडवे झालो, आई खाटेवर. भाऊंनी दोरी ओढली. आधी काहीच दिसलं नाही, काळं गोल. मग डोळे सरावले अन् मग एक-एक करत इतके तारे आले की पोरगी कुजबुजायला लागली, जोरात बोललं तर जातील असं. साडेनऊच्या सुमारास कृत्तिका बरोबर डोक्यावर आल्या. बरोबर डोक्यावर म्हणजे खरंच, आपल्या अक्षांशावर कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ सरळ माथ्यावरून जातो, त्यामुळे यर्टच्या मधोमध झोपलेल्या माणसाला तो त्या गोलाच्या मधोमध दिसतो, चौकटीत लावल्यासारखा. मला साध्या डोळ्यांनी सहा मोजता आल्या, पोरीने सात सांगितल्या अन् ती खोटं बोलत नव्हती, तिचे डोळे तिचे आहेत. पाऊण तासाने रोहिणी तिथे, लालसर. मग पोरीने शोध लावला की सतरंजीवर उत्तरेकडे सरकलं की गोलातून दक्षिणेचं आकाश दिसते, अन् तशी सरकत सरकत गेली तर अख्खं मृग सापडलं, तीन तारे ओळीत, खाली-वर चार पाय.

झोपायला गेलो. साडेबाराच्या आसपास आईंनी हाक मारली, "सूनबाई, उठ, इकडे ये." मी घाबरले, काय झालं. त्या पडल्या होत्या तशाच, उशीवर डोकं, वर बोट. "हा कोणता गं? केव्हाचा लखलखून राहिला." मी त्यांच्या शेजारी डोकं टेकलं तर गोलाच्या आत व्याध, एकटा, पांढरा-निळा, नुसता थरथरत होता. जिथे दुपारी ऊन आलं होतं त्याच उशीवरून. मी नवऱ्याला उठवलं, पोरीला नाही उठवलं, अन् सकाळी ती त्याच्यावरून रडली, तिचं खरं होतं, उठवायला पाहिजे होतं. आई सांगत होत्या की लहानपणी काटोलकडे शेतात जागलीला वडिलांसोबत जायच्या, बाजेवर झोपून हेच बघायच्या, पण त्याला पन्नास-पंचावन्न वर्षं झाली. लांब कुठेतरी चितळ दोनदा ओरडलं, मग रातवा पक्ष्याचं टक-टक-टक चालू झालं. थंडी होती, वरून गार हवा येत होती, पण कोंदटपणा नाही, वास नाही, सकाळी रजई कोरडी. भाऊंनी पहाटे येऊन हळूच दोरी सोडली होती म्हणजे दव आत पडू नये, आम्हाला कळलंही नाही.

कोणी जाऊ नये ते पण सांगते. मार्चनंतर नका जाऊ. आपलं ऊन अन् कॅनव्हासची खोली, भट्टीच होते, अन् तिकडे उन्हाळ्यात लोक खालचा नमदा वर गुंडाळतात, जाळीतून वारा खेळतो, इथे कॅनव्हास खाली पक्का ठोकून टाकलेला आहे. ज्यांना टीव्ही-एसी लागते त्यांनी नको. जाताना कानटोपी, जाड मोजे, चांगली टॉर्च, अन् स्वतःची एक चादर न्या, त्यांच्या रजया उबदार आहेत पण खोळ रोज बदलत नाहीत. पाच पैकी साडेतीन देते आज. कठडा लागला, दिवे बदलले अन् पाचही यर्टची प्लास्टिकं निघाली तर मी स्वतः येऊन साडेचार करीन.

आम्ही पौषातल्या अमावस्येचं बुकिंग करून टाकलं आहे, खालचंच यर्ट. तारे रोज चार-चार मिनिटं लवकर येतात, म्हणजे तेव्हा व्याध साडेदहालाच गोलात येईल, पोरगी जागी असेल. भाऊंना फोन केला तर म्हणाले, "मायची खाट उत्तरेलेच लावून ठेवतो, अन् दोरी नवीन आणली."